हप्ता कोणत्या खिशातून?

गोंदिया जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी मोठी रक्कम वर्षातून फार तर दोनदा येते. दिवाळीच्या आगेमागे खरिपाच्या धानाची मळणी होते, आधारभूत केंद्रावर काटा होतो आणि यथावकाश चुकारे खात्यावर जमा होतात. ज्याच्या बांधीला पाणी आहे, त्याला उन्हाळी धानाचे पैसे पुन्हा एकदा मिळतात. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात, रेल्वेत किंवा शाळेत नोकरीला असणाऱ्याचा पगार मात्र दर महिन्याचा. कार घ्यायची वेळ आली की दोघांनाही एकच सल्ला मिळतो: ‘सगळे पैसे गाडीत कशाला घालता? कर्ज काढा, पैसे बँकेत ठेवा. व्याज द्याल त्याहून जास्त मिळेल.’ हा सल्ला आकड्यांनी सिद्ध करून दाखवता येतो, म्हणून तो पटतो. आकडे बरोबर असतात, पण मांडणी चुकीची असते.

ती मांडणी जवळून पाहू. समजा, हाताशी ८ लाख रुपये आहेत आणि गाडीही ८ लाखांचीच आहे. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता साधारण १६,८०० रुपयांचा बसतो आणि एकूण व्याज २ लाख ८ हजार जातं. तेच ८ लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत, तिमाही चक्रवाढीने ठेवले तर पाच वर्षांत ११ लाख ३२ हजार होतात, म्हणजे व्याज ३ लाख ३२ हजार. मिळालेल्यातून दिलेलं वजा केलं की सव्वा लाखाचा फायदा दिसतो. साडेनऊ टक्क्यांनी घेऊन सात टक्क्यांनी ठेवायचं आणि तरी नफा व्हायचा, इथेच शंका यायला हवी. खुलासा सोपा आहे. ठेवीत पूर्ण ८ लाख पाचही वर्षं राहून वाढत जातात, कर्ज मात्र दर हप्त्याला उतरत जातं. अडीच वर्षांनी ठेव साडेनऊ लाखांवर गेलेली असते आणि कर्जाची बाकी ४ लाख ४७ हजारांवर आलेली असते. व्याज कमी वाटतं, कारण कर्ज घटत गेलं, आणि ते घटलं तुम्ही दरमहा खिशातून भरलेल्या १६,८०० रुपयांमुळे. हे पैसे हिशेबात कुठेच धरलेले नसतात. ज्याने रोखीने गाडी घेतली त्याच्याकडे ते दर महिन्याला शिल्लक राहतात. त्याने तेवढीच रक्कम त्याच ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकली तर पाच वर्षांनी त्याच्याजवळ १२ लाखांच्या थोडे वर जमतात. कर्जवाल्याकडे ११ लाख ३२ हजार, रोखवाल्याकडे १२ लाख. गाडी दोघांकडे सारखीच. फरक ७० हजारांचा, आणि तोही सल्ल्याच्या नेमका उलट बाजूला.

यावर रास्त आक्षेप असा, की रोखीने घेणारा दर महिन्याला १६,८०० बाजूला टाकतोच असं कुठे आहे? बहुतेक जण टाकत नाहीत, हे खरं आहे. हप्ता सक्तीने शिस्त लावतो, हा कर्जाचा एक गुण मानावाच लागेल. पण त्या शिस्तीची किंमत कर्जाच्या व्याजातून द्यावी लागत नाही. पगाराच्या तारखेला आवर्ती ठेवीत आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला एकदा दिली की तेवढीच शिस्त फुकट मिळते. दुसरा आक्षेप शेअर बाजाराचा. मुदत ठेवीऐवजी म्युच्युअल फंडात घातले तर बारा टक्के सुटतील, असं म्हणतात. सुटतीलही. फक्त २००८ साली एका वर्षात निफ्टी निम्म्याहून खाली आला होता, आणि २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता. हप्त्याची तारीख ठरलेली असते, बाजार वर येण्याची तारीख ठरलेली नसते. ज्याचा पगार पक्का आहे आणि दहा वर्षं त्या पैशांना हात लावायचा नाही, त्याने हा धोका पत्करावा; पुढच्या हंगामाचं भांडवल बाजारात ठेवून गाडीचे हप्ते भरणं मला जोखमीचं वाटतं.

गोंधळात भर घालतो तो ‘फ्लॅट’ व्याजदर. ‘फक्त ५.२ टक्के फ्लॅट’ ऐकलं की सात टक्क्यांच्या ठेवीपुढे कर्ज स्वस्त वाटू लागतं. वर घेतलेल्या उदाहरणात ८ लाखांवर ५.२ टक्क्यांनी पाच वर्षांचं सरळव्याज काढा: २ लाख ८ हजार. म्हणजे ५.२ टक्के फ्लॅट आणि साडेनऊ टक्के घटत्या शिलकीवर, हे एकाच कर्जाचे दोन चेहरे आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ कर्जदाराला मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावं लागतं आणि त्यात शुल्कासकट वार्षिक दर लिहिलेला असतो. तुलना त्या आकड्याशीच करावी. मुदत वाढवून हप्ता हलका करण्याचंही तसंच आहे: हेच कर्ज सात वर्षांचं केलं तर हप्ता १३ हजारांवर येतो, पण व्याज आणखी ९० हजारांनी वाढतं.

करांबद्दल धानाच्या पट्ट्यात एक समज पक्का रुजला आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्या पैशांच्या ठेवीवरचं व्याजही करमुक्त, असा तो समज. तसं नाही. ठेवीत गेलेल्या पैशाचं व्याज हे शेतीचं उत्पन्न राहत नाही. ८ लाखांच्या ठेवीवर पहिल्याच वर्षी साडेसत्तावन्न हजार व्याज होतं, आणि साठीच्या आतल्या ठेवीदाराचं व्याज वर्षाला ५० हजारांवर गेलं की बँक करकपात करते. कर लागू होत नसेल तर तसं जाहीरपत्र वेळेत द्यावं लागतं. उलट, घरच्या वापराच्या गाडीच्या कर्जव्याजावर नोकरदाराला किंवा शेतकऱ्याला करसवलत नाही. आणि ‘रोख’ म्हणजे नोटांची थैली नव्हे: एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रक्कम नोटांत स्वीकारायला १ एप्रिल २०१७ पासून बंदी आहे. रोखीवर मोठी सूट मिळेल ही आशाही बहुधा फोल ठरते, कारण कर्ज जुळवून दिल्याबद्दल विक्रेत्याला वित्तसंस्थेकडून मोबदला मिळतो.

मग सगळे ८ लाख गाडीत घालावेत का? पगारदाराकडे सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलेला असेल तर जरूर घालावेत. शेतकऱ्याने घालू नयेत. कारच्या कर्जाचा हप्ता बहुधा दरमहाचा असतो आणि धान दरमहा पिकत नाही, म्हणून पूर्ण कर्जही त्याला जाचक. पण तिजोरी रिकामी करून घेतलेली गाडी त्याहून जाचक ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीची मजुरी रोख मोजावी लागते, खत लागतं, घरात कोणी आजारी पडतं, आणि चुकारे यायला अजून अनेक महिने असतात. अशा शेतकऱ्याने ५ लाख भरावेत, ३ लाखांचं तीन वर्षांचं कर्ज घ्यावं, आणि उरलेले ३ लाख ठेवीत हाताशी ठेवावेत. त्या ठेवीवरच कर्ज मिळत असेल तर आधी तेच विचारावं. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. साध्या वाहनकर्जाचा हप्ता ९,६०० रुपयांच्या आसपास येईल. वर केला तसाच नेटका हिशेब केला, हप्त्याचे पैसेही मोजले, तर पूर्ण रोखीच्या तुलनेत हा मार्ग तीन वर्षांत साधारण १४ हजारांनी महाग पडतो. रोवणीच्या तोंडावर सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने १ लाख उचलले, तर पाच महिन्यांतच १५ हजार व्याज होतं.