डीलर मीटचं भाषण आणि बियाण्याची पिशवी

एप्रिल-मे आला की आमच्या धंद्यात आमंत्रणं सुरू होतात. लग्नाच्या पत्रिका येतात तशा बियाणं-औषधांच्या कंपन्यांच्याही येतात. छत्रपती संभाजीनगरातलं एखादं वातानुकूलित हॉटेल, नव्या वाणांची माहिती, टार्गेट गाठणाऱ्याला परदेशाची सहल, आणि जेवणाच्या आधी तासाभराचं 'मोटिव्हेशन'. गेवराईत माझं कृषी सेवा केंद्र आहे. त्यामुळे अशी भाषणं पुष्कळ ऐकली. वक्ता बदलतो, विषय तेच: नेतृत्व, संवादकौशल्य, ग्राहकाशी नातं.

ऐकायला मला आवडतं. आमचा बीड जिल्हाच ऐकणाऱ्यांचा. भगवानगडाचा नारळी सप्ताह ज्या गावाच्या वाट्याला येतो तिथे सात दिवस मांडव हलत नाही, आणि कीर्तनकार कुठे घसरला हे म्हातारी माणसं घरी जाता जाता बिनचूक सांगतात. कीर्तनकार एक अभंग धरतो आणि दृष्टांत देत देत उलगडतो. हॉटेलातला वक्ताही एक सूत्र धरून दृष्टांतच देत असतो. त्याचे दृष्टांत मात्र कुणी तपासत नाही.

गांधीजींचंच घ्या. ग्राहक हा दुकानातला सर्वांत मोठा पाहुणा, आपण त्याच्यावर उपकार करत नाही, अशा अर्थाची पाटी त्यांच्या नावानं बँकेपासून पतसंस्थेपर्यंत सगळीकडे लटकलेली असते. गांधीजींच्या समग्र लेखनात तो मजकूर सापडत नाही. त्याच्याशी मिळताजुळता मजकूर 1941 साली एका अमेरिकन व्यापारी नियतकालिकात छापून आला होता, तो स्टुडबेकर मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ एलियट यांच्या नावावर. मोटारी खपवणाऱ्याचं बोलणं आपण खादी नेसवून भिंतीवर टांगलं.

डबेवाल्यांचा दृष्टांत तर चुकतच नाही. मुंबईच्या डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' मिळालंय, असं सांगितलं की टाळ्या ठरलेल्या. 1998 मध्ये 'फोर्ब्स'नं त्यांच्यावर लेख छापला, त्यातून ही कथा वाढली. प्रमाणपत्र म्हणून असं काही त्यांना कुणी दिलेलं नाही. त्यांना त्याची गरजही नाही. ठरलेला माणूस रोज ठरलेल्या दारातून डबा उचलतो, गटाचा मुकादम तंटे मिटवतो आणि माणूस कमी पडला तर स्वतः डबे उचलतो. शिकण्यासारखं आहे ते हे. पण यावर टाळ्या कमी पडतात.

मला खरी धास्ती वाटते ती त्र्याण्णव टक्क्यांची. संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, 38 टक्के आवाज आणि 55 टक्के चेहरा, असं पडद्यावर गोल काढून दाखवतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या प्रयोगांतले. एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून त्यानं पाहिलं होतं ते एवढंच, की बोलणाऱ्याची आवड-नावड ऐकणाऱ्याला कशावरून कळते. हे सगळ्या बोलण्याला लावू नका, असं त्यानं स्वतःच सांगून ठेवलं आहे.

आता माझ्या काउंटरवर या. उमापूरचा पोरगा कपाशीवर फवारायचं औषध मागतो. पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, हे सांगताना माझा चेहरा हसरा असला काय नि रडका असला काय? तिथे शब्द आणि आकडा हेच सगळं. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे त्याला दाखवायचं, त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचं, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नको म्हणायचं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर मला 'बॉडी लँग्वेज' हा शब्द ऐकवत नाही.

तरीही कंपन्या आम्हाला गिऱ्हाइकाशी नातं जोडा म्हणतात, त्याला कारण आहे. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत 2016 पासून केंद्र सरकार ठरवतं. 2024 च्या हंगामात ती 864 रुपये होती. युरियाची 45 किलोची गोणी सगळीकडे 266 रुपये 50 पैशांना. माल तोच, भाव तोच, दुकानं ओळीनं. मग शेतकऱ्यानं माझ्याच पायरीवर का चढावं? तर मी उधार देतो म्हणून, आणि पेरणीनंतरही त्याला तोंड दाखवतो म्हणून.

उधारीचं गणित भाषणात येत नाही. माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडे दोन-तीन एकर कोरडवाहू. जूनमध्ये बियाणं नेतात ते वहीवर. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल मिळते, त्यातून माझे पैसे फिटतात आणि नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघतो. एका वक्त्यानं आम्हाला 'लीडर' म्हणजे पुढे चालणारा, असं शिकवलं. आमच्याकडे टोळीच्या पुढे चालणारा तोच पैसा देणारा आणि तोच वसूल करणारा. उचल फिटली नाही तर माणसं पुढच्या हंगामालाही त्याच्याच टोळीत अडकतात. नेतृत्वावर बोलायचंच असेल तर बीडमध्ये इथून सुरुवात करावी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावानं महामंडळ झालं ते 2019 मध्ये, तोवर कितीतरी पिढ्या फडात गेल्या होत्या.

विक्रीनंतरची गोष्ट 2020 च्या खरिपात सगळ्यांनीच पाहिली. मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही. तक्रारींचे ढीग लागले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर माणसं बसलेली असत. "शेठ, निघालंच नाही." यावर कुठला सुविचार चालतो? काही विक्रेत्यांनी फोन बंद ठेवले. काहींनी लॉट नंबर लिहून घेतले, तालुका कृषी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहून दिले, पंचनाम्याला आलेल्या समितीबरोबर शेतात गेले. कोणाचं गिऱ्हाईक टिकलं, हे पुढच्या जूनमध्ये दिसलं.

दोष नेहमी कंपनीचाच असतो असंही नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक. मळणीत, गोणी आपटताना दाण्याला मार बसतो, उगवण जाते. पाऊस 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं सांगूनही लोक घाई करतात. म्हणून मी ओलं गोणपाट सुचवतो: शंभर दाणे ओळीनं मांडा, गुंडाळी करा, ओल टिकवा आणि आठवड्यानं मोजा. सत्तरच्या वर कोंब आले तर पेरा.

कायद्याची बाजूही शेतकऱ्याला सांगावी लागते. 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 500 रुपयांपर्यंत, आणि त्यातून शेतकऱ्याच्या हाती काहीच येत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोगाचं दार आहे. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात 2012 मध्ये स्पष्ट केलं. पेरलेल्या बियाण्याचा नमुना शेतकऱ्यानं मागे ठेवला नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येत नाही, हेही तिथेच सांगितलं. पण पक्की पावती, रिकामी पिशवी आणि तिच्यावरचं लेबल हवंच. कच्च्या चिठ्ठीवर माल देणारा दुकानदार गोड बोलत असेल तर जास्त सावध व्हा.

विक्रेत्यांना शिकवूच नये असं माझं म्हणणं नाही. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं 2003 पासून चालवलेला देसी हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आमच्यासारख्यांसाठीच आहे. आठवड्यातून एक दिवस वर्ग, मधून मधून शिवारफेरी. माती, कीड, खतांची मात्रा, कायदे. तिथे कुणी उभं राहून 'यस, आय कॅन' म्हणायला लावत नाही. यंदाच्या मीटचं आमंत्रण घेऊन आलेल्या कंपनीच्या पोराला मी म्हटलं, वक्ता आणा खुशाल, पण तुमच्या बियाण्याची उगवण तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा माणूसही आणा, अर्धा तास त्याला द्या. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला.