परकीय मदत : आधार की परावलंबन?

विकसनशील देशांना परकीय मदत अनुदान, सवलतीच्या व्याजाचे कर्ज, धान्य किंवा तांत्रिक ज्ञान अशा विविध रूपांनी मिळते. ज्या देशाकडे भांडवल अपुरे आहे त्याला ती उपयोगी पडते, यात संशय नाही. परंतु काही वेळा ती देशाला स्वावलंबी करते, तर काही वेळा परावलंबी बनविते. हा फरक कशामुळे पडतो, ते भारताच्या दोन अनुभवांवरून स्पष्ट होते.

पहिला अनुभव धान्याचा. अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ या १९५४ च्या कायद्यान्वये भारताने १९५६ मध्ये करार केला. धान्याची किंमत रुपयांत देता येत असल्याने दुर्मिळ परकीय चलन वाचले. १९६५ व १९६६ ही लागोपाठ अवर्षणाची वर्षे. १९६६ साली भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले. त्यातील मोठा भाग अमेरिकेचा होता. रेशनच्या दुकानांतील गहू व मिलो यांनी असंख्य कुटुंबांना तारले.

तथापि, या मदतीची दुसरी बाजूही होती. अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीची हमी न देता थोड्याथोड्या काळापुरतेच धान्य सोडण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यायोगे भारतावर दबाव आणला. स्वस्त आयात धान्यामुळे देशी शेतकऱ्याच्या मालाचे भाव पडतात, अशी टीकाही अर्थतज्ज्ञांनी केली. यातून सुटकेचा मार्ग शेतातूनच निघाला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे विकत आणले. बियाणे परदेशी होते, पण पीक आपले झाले. १९६४-६५ मधील सुमारे १.२३ कोटी टनांवरून गव्हाचे उत्पादन १९७०-७१ मध्ये २.३८ कोटी टनांवर गेले.

दुसरा अनुभव दुधाचा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणंद येथून डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली १९७० मध्ये ‘दूध महापूर’ योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यासाठी युरोपीय आर्थिक समुदायाने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन दूध भुकटी व ४२,००० टन बटर ऑइल देणगी म्हणून देऊ केले. ते फुकट वाटले असते, तर गावच्या दुधाला भाव उरला नसता. म्हणून त्यापासून दूध तयार करून ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे योग्य दराने विकले गेले. आलेला पैसा संकलन केंद्रे, शीतकरण, पशुखाद्य व सहकारी दूध संस्था यांसाठी वापरण्यात आला. १९७०-७१ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २.२ कोटी टन होते. १९९६ मध्ये योजना संपली तेव्हा ते ६.६ कोटी टनांच्या घरात पोहोचले होते.

यावरून मदत स्वीकारताना तीन गोष्टी तपासणे अगत्याचे ठरते. तिच्याबरोबर कोणत्या अटी येतात? स्थानिक उत्पादकाच्या भावावर तिचा काय परिणाम होईल? आणि मदत थांबल्यावर मागे काय उरेल? पोते रिकामे झाल्यावर पुन्हा हात पसरावा लागला, तर त्या मदतीने केवळ वेळ निभावली. मागे बियाणे, कौशल्य किंवा चालती संस्था उरली, तरच तिचे चीज झाले.