नावे जुळवणारा संगणक आणि आदिलाबादची शिधापत्रिका

पौष अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. गोदावरीचे पाणी पायी आणून पूजा करण्याचा मान गोंड समाजातील मेस्राम कुळाचा. त्या दिवसांत एकाच आडनावाची हजारो माणसे तेथील वडाच्या झाडांखाली मुक्काम करतात. हेच आडनाव पैनगंगेपलीकडे विदर्भात ‘मेश्राम’ असे लिहिले जाते. ‘आत्राम’ रोमन लिपीत लिहिताना महाराष्ट्रात साधा ‘टी’ पुरतो, तर तेलंगणात तेलुगू रिवाजाप्रमाणे त्याला ‘एच’ जोडला जातो. तेलुगू वळणाने आडनाव आधी येते, मराठी वळणाने शेवटी. गावातल्या माणसाचे यामुळे काही अडत नाही. कोण कोणाचा, हे त्याला ठाऊक असते. संगणकाला मात्र केवळ अक्षरे दिसतात, आणि गेल्या दशकात तेलंगणात धान्य कोणाला मिळावे याचा निवाडा बऱ्याच अंशी या अक्षरांवर होऊ लागला.

१९ ऑगस्ट २०१४ रोजी, राज्य स्थापन होऊन तीन महिनेही झाले नसताना, तेलंगणा सरकारने एकाच दिवसात राज्यभर कुटुंब सर्वेक्षण केले. पुढे माहिती-तंत्रज्ञान विभागाने ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली उभी केली. वाहन नोंदणी, मालमत्ता कर, वीजजोडणी, जमीन, निवृत्तिवेतन अशा अनेक खात्यांच्या याद्या एकत्र आणून एकेका व्यक्तीचे समग्र चित्र तयार करणे, हे तिचे काम. या सर्व याद्यांत समान असा एकच क्रमांक नसतो. म्हणून प्रणाली नाव, वडिलांचे नाव, पत्ता, वय यांचे साम्य मोजते आणि ते पुरेसे वाटले की दोन नोंदी एकाच माणसाच्या ठरवते. यात चूक दोन प्रकारे होते: एक माणूस दोन ठरतो, किंवा दोन माणसे एक ठरतात. शिधावाटपात दुसरी चूक जीवघेणी. भलत्याच नामसाधर्म्याच्या माणसाची मोटारगाडी गरिबाच्या दारात उभी राहते आणि त्याची शिधापत्रिका रद्द होते.

हैदराबादेत एका विधवेच्या बाबतीत हेच घडले. सायकलरिक्षा ओढून पोट भरणाऱ्या तिच्या दिवंगत पतीची नोंद जवळपास त्याच नावाच्या मोटारमालकाशी जुळली. धान्य बंद झाले आणि ते परत मिळवण्यासाठी तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली. गोव्याच्या वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. पोर्तुगीजकालीन दस्तऐवजांत ज्या नाईकांचे स्पेलिंग एक आणि आजच्या आधारपत्रावर दुसरे, किंवा ज्या वाड्यावर फर्नांडिस आडनावाची दहा घरे, तेथे अशी प्रणाली काय गोंधळ घालील याची कल्पना सहज करता येते.

२०२४च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या शोधपत्रकारितेच्या वृत्तांनुसार २०१४ ते २०१९ या काळात तेलंगणात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. पत्रिकाधारकांना पूर्वसूचना नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला. आलेल्या ४,९१,८९९ अर्जांपैकी जुलै २०२२ पर्यंत २,०५,७३४ तपासले गेले, त्यांत १५,४७१ कुटुंबे पात्र निघाली. म्हणजे तपासलेल्यांपैकी किमान साडेसात टक्के पत्रिका चुकीने गेल्या होत्या. टक्केवारी लहान वाटते खरी. पण ज्यांना अर्जच करता आला नाही ते या हिशेबात नाहीत, आणि जंगलपट्टीतल्या गुड्यांवरून मंडल कार्यालय गाठणे ही एका दिवसाच्या मजुरीची बाब असते.

कायद्याची अडचण येथून सुरू होते. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय होणार त्याचे म्हणणे आधी ऐकावे, ही न्यायाची जुनी रीत. येथे ती उलटते: आपल्याकडे गाडी नाही हे नागरिकाने सिद्ध करायचे. नसलेल्या वस्तूचा दाखला कोणते कार्यालय देते? वकिलापुढचा पेच तर आणखी वेगळा आहे. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, प्रणालीची नाही; तिची संगणकीय संहिता माहितीच्या अधिकारात मागितली असता, हक्क कंपनीकडे असल्याचे सांगून ती नाकारली गेली.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय घेताना वापरलेली माहिती अचूक असावी, असे या कायद्याचे कलम ८ सांगते. मात्र अनुदान वा लाभ देण्यासाठी कलम ७ अन्वये सरकार नव्याने संमती न घेता माहिती वापरू शकते, आणि माहिती दुरुस्त करून घेण्याचा कलम १२ मधला अधिकार मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. ज्या शिधापत्रिकाधारकाला दुरुस्तीची गरज सर्वाधिक, त्याच्यासाठीच ही वाट अरुंद ठेवली आहे. केवळ यंत्राने केलेल्या निर्णयाला हरकत घेण्याचा जो हक्क युरोपीय संघाच्या कायद्यात आहे, तसा येथे नाही. तरीही युरोप यातून सुटला नाही. बालसंगोपन भत्त्यात हजारो पालकांना विनाकारण लबाड ठरवल्याच्या प्रकरणी नेदरलँड्सच्या मंत्रिमंडळाला जानेवारी २०२१ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

कर्मचाऱ्याचे कामही यात बदलले. पूर्वी निरीक्षक चौकशी करून निष्कर्ष काढी. आता निष्कर्ष पडद्यावर आधीच आलेला असतो. त्याच्याशी सहमत होण्यास कारण लिहावे लागत नाही, विरोधात जायचे तर जबाबदारी अंगावर येते. त्यातच २०२० मध्ये तेलंगणाने ग्राम महसूल अधिकारी हे पदच कायद्याने रद्द केले. त्या पदावर भ्रष्टाचाराचे आरोप होते हे खरे, पण कुठला मेस्राम कोणत्या घरचा हे सांगू शकणारा सरकारी माणूसही त्यासोबत गेला.

या तंत्रापुढे सर्वांत अवघड उदाहरण जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर आहे. आज कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेल्या केरामेरी मंडलाच्या आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्याच्या दरम्यान चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील अनेक मराठी कुटुंबांकडे दोन राज्यांची मतदार ओळखपत्रे आहेत, दोन शिधापत्रिका आहेत. गावात शाळा दोन, ग्रामपंचायतीही दोन. दुबार नावे शोधणाऱ्या प्रणालीच्या लेखी ही सरळ फसवणूक ठरते. प्रत्यक्षात ती कागदपत्रे दोन सरकारांनी स्वतः होऊन घरपोच दिलेली आहेत, आणि सीमावाद मिटलेला नसल्याने त्यांतले कोणते परत करायचे हे त्या कुटुंबांना अद्याप कोणीही सांगितलेले नाही.