सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय डाऊन?

जुलैचा शेवटचा आठवडा. जिंतूर तालुक्यातल्या एका गावातलं ऑनलाइन सेंटर. टेबलावर सातबारे, आधारकार्डांच्या झेरॉक्स आणि पासबुकांची चळत, पंख्यानं उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेली पाण्याची बाटली. पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस. आत बसलेला पोरगा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणतो, "काका, सर्व्हर डाऊन हाय. संध्याकाळी या." काका बाहेर येऊन रांगेतल्या पुढच्याला सांगतात, "रेंज नाही म्हणं." तो त्याच्या मागच्याला सांगतो, "नेट गेलंय." बातमी पारावर पोचेपर्यंत गावाचा टॉवरच बंद पडलेला असतो.

सर्व्हर, रेंज, नेट, टॉवर. आपल्याकडं हे चारही शब्द एकाच अर्थानं चालतात. खरं तर ती एका लांबलचक वाटेवरची चार वेगळी ठिकाणं आहेत, आणि वाट कुठं तुटली ते कळलं नाही की माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

ती वाट अशी. सेंटरमधला कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या राऊटरशी बोलतो, तारेनं किंवा वायफायनं. वायफाय म्हणजेच इंटरनेट हा फार पसरलेला गैरसमज. वायफाय ही फक्त राऊटर ते कॉम्प्युटर एवढी, फार तर दोन-तीन खोल्यांपुरती बिनतारी वाट. राऊटरच्या पुढची तार तुटली असेल तर फोनवर वायफायचा पंखा भरलेला दिसेल आणि पान मात्र उघडणार नाही. विहिरीत पाणी नसलं तरी मोटार फिरते, तसलाच प्रकार. राऊटरच्या पुढं फायबर लागते, काचेची केसासारखी बारीक तार, तिच्यातून उजेडाचे ठिपके धावतात. रस्त्याच्या कामात जेसीबीनं तीच तोडली की गावंच्या गावं नेटविना बसतात. फायबरवरून कंपनीचं जाळं, तिथून देशाचं जाळं, आणि शेवटी कुठल्या तरी शहरातल्या गारेगार खोलीत ठेवलेला कॉम्प्युटर, ज्याच्यात विम्याचं पोर्टल आहे. तो सर्व्हर. २०२३ च्या खरिपात विमा एक रुपयात मिळू लागला आणि मुदतीच्या तोंडावर अशा पोर्टलांवर सगळ्या राज्याची झुंबड उडाली, तेव्हा या टोकाच्या यंत्राची दमछाक होणं साहजिक होतं. त्यात गावाच्या टॉवरचा काही दोष नव्हता.

ओळखायचं कसं? दुसरी एखादी वेबसाइट उघडून बघायची. ती झटकन उघडली तर आपलं नेट ठणठणीत आहे, बिघाड पलीकडं आहे. काहीच उघडत नसेल तर बिघाड अलीकडं. सेंटरवाल्या पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. पण राऊटरचा रिचार्ज संपला असला तरी "सर्व्हर डाऊन" म्हटलं की वाद मिटतो, ही त्या शब्दाची खरी कमाई आहे.

"ओटीपी येईना गेलाय" ही वेगळी तक्रार. एसएमएसनं येणारा ओटीपी इंटरनेटवरून येत नाही. मोबाइल डेटा बंद असला, पॅक संपला, तरी तो येतो. त्याला टॉवरची रेंज हवी, आणि आधारला जोडलेलं सिम हातातल्या फोनमध्ये हवं. पुष्कळदा ते सिम पुण्याला कामाला गेलेल्या लेकाच्या खिशात असतं आणि इथं शिव्या मात्र नेटला बसतात.

आता रेंज. फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या म्हणजे वेग, असं बहुतेकांना वाटतं. काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठ्यानं येतोय. त्या टॉवरला आपलं ऐकायला सवड आहे का, हे त्यात कळत नाही. फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. संध्याकाळी पाळण्यांच्या गर्दीत उभं राहून व्हिडिओ कॉल लावून बघा. काड्या भरलेल्या, आणि गोल चक्र फिरतंच आहे. टॉवरची क्षमता ठरावीक, ती हजारो फोनांत वाटली जाते. घरी परतताना, कमी काड्यांवर, तोच कॉल सुरळीत लागतो.

टॉवर उपग्रहाशी बोलतो, हाही असाच रुजलेला समज. टॉवरकडं एकदा नीट बघा. उभे लांबट डबे आपल्या फोनांसाठी असतात. ढोलकीच्या पानासारखी गोल तबकडी दिसली तर ती दुसऱ्या टॉवरकडं रोखलेली असते, आकाशाकडं नाही. बहुतेक ठिकाणी आता खाली फायबरच येते. परदेशातला मजकूरसुद्धा मुख्यतः समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलांतून येतो, आणि त्यातल्या कित्येक केबली मुंबईच्या किनाऱ्यावर वर निघतात.

मग आकाशवाणीचं परभणी केंद्र एका मनोऱ्यावर आजूबाजूच्या जिल्ह्यांत ऐकू येतं आणि मोबाइलला दर काही किलोमीटरवर टॉवर का लागतो? हा प्रश्न मला एका शिक्षकांनी विचारला होता आणि तो चांगलाच आहे. परभणी केंद्र मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्‌झला लागतं. हिशेब केला तर त्याची एक लाट जवळपास २३० मीटर लांब भरते. एवढी लांब लाट जमिनीला धरून पुढं सरकत जाते, झाडं आणि भिंती तिच्या खिजगणतीत नसतात. मोबाइलची १८०० मेगाहर्ट्‌झची लाट जेमतेम १७ सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षाही कमी. तिला जिंतूरकडची टेकडी अडवते, पत्र्याचं शेडही अडवतं. शिवाय रेडिओ फक्त ऐकतो. फोनला उलट उत्तर द्यावं लागतं, तेही खिशातल्या बॅटरीवर, वॅटभराहून कमी ताकदीनं. टॉवर जवळ हवा तो त्याला ऐकू जावं म्हणून.

म्हणूनच मुलूख लहान लहान तुकड्यांत वाटून दर तुकड्याला एक टॉवर, ही कल्पना निघाली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ती १९४७ साली मांडली गेली. त्या तुकड्याला म्हणायचं सेल, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरासारखा. सेलफोनमधला सेल तो. आपल्याकडं बॅटरीत घालायचे ते सेल, म्हणून "सेलवर चालतो तो सेलफोन" असं सांगणारे मास्तर मी ऐकले आहेत. परभणीहून पूर्णेला रेल्वेनं जाताना बोलणं तुटत नाही, कारण एक सेल तुमचा कॉल पुढच्या सेलच्या हवाली करत जातो.

'जी'चा घोळ थोडक्यात. फोर-जी, फाइव्ह-जीमधला जी म्हणजे जनरेशन, पिढी. डेटा पॅकमधला जीबी म्हणजे माप, त्याचा या जीशी संबंध नाही. आणि राऊटरच्या नावापुढं 'फाइव्ह-जी' दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते पाच गिगाहर्ट्‌झचं वायफाय आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात सुरू झालेली फाइव्ह-जी मोबाइल सेवा निराळी. शंभर एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला शंभर एमबीची फाइल उतरत नाही, साडेबाराच उतरते. पहिल्यात बिट मोजतात, दुसऱ्यात बाइट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट.

जुन्या शब्दांची गंमत याहून मोठी. ट्रंक कॉल म्हटलं की लोखंडी ट्रंक आठवणारी पिढी अजून आहे. दोन एक्सचेंजांना जोडणारी मोठी लाइन ती ट्रंक. कॉल बुक करून ऑपरेटर ती जोडून देईपर्यंत तासन्‌तास बसायचं. ग्राहकानं ती स्वतः नंबर फिरवून जोडायची सोय म्हणजे सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग, अर्थात एसटीडी. देशात ती १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान प्रथम आली. आपण मात्र एसटीडी म्हणजे पिवळ्या पाटीचं दुकान असंच धरून चाललो. लग्नपत्रिकेत नंबरापुढं "पी.पी." असायचं, तेही ट्रंक कॉलचंच पिलू. पर्टिक्युलर पर्सन, अमुकच माणसाला फोनवर बोलवा, असा तो कॉल. आपल्याकडं त्याचा अर्थ झाला, फोन शेजाऱ्यांचा आहे, हाक मारतील.

एसटीडी कोडकडं मी तर जुना नकाशा म्हणून बघतो. पाथरी ०२४५१, परभणी ०२४५२, गंगाखेड ०२४५३. मग वसमत ०२४५४, कळमनुरी ०२४५५, हिंगोली ०२४५६, आणि पुन्हा परभणीतलं जिंतूर ०२४५७. मधले तीन आज हिंगोली जिल्ह्यात आहेत. १ मे १९९९ ला जिल्हा वेगळा झाला, कलेक्टर कचेरी वेगळी झाली, नंबरांची भावकी तशीच एका ओळीत राहिली. यातला शून्य कोडचा भाग नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. "कॉल गावाबाहेर जाणार आहे" एवढीच ती एक्सचेंजला खूण. म्हणून अमेरिकेतल्या मुलानं घरी फोन लावताना ९१ नंतर थेट २४५२ लावायचं. मध्ये शून्य घातला की कॉल लागत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना मात्र शून्य सक्तीचा झाला. मोबाइलच्या पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखण्याचं कसबही आता फुकट आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.

राहिली भीती. टॉवरच्या लहरींनी पाखरं मरतात, घरात आजार शिरतात, असं ऐकू येतं. या लहरींची ताकद क्ष-किरणांसारखी पेशी फोडण्याइतकी नसते, आणि भारतानं २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शाची मर्यादा घातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये अशा लहरींना 'कदाचित' या गटात टाकलं, म्हणजे शंका पुसलेली नाही, पुरावाही भक्कम नाही. रेंज कमी असेल तिथं फोन स्वतःच जास्त जोर लावतो, हे टॉवर हटवा म्हणणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

वीज मात्र खरी भीती आहे. मराठवाड्यात दर पावसाळ्याच्या तोंडावर रानात वीज पडून माणसं, बैलं जातात, आणि खिशात मोबाइल होता म्हणून वीज पडली असं लगेच म्हटलं जातं. मोबाइल वीज ओढत नाही. मोकळ्या रानात सगळ्यात उंच उभं असणं किंवा एकट्या झाडाखाली थांबणं, जीव जातो तो त्यानं. गडगडाटात न धरण्यासारखा फोन म्हणजे घरातला तारेचा लँडलाइन, कारण खांबावर पडलेली वीज त्या तारेनं कानापर्यंत येऊ शकते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. पण तो इशारा येतो नेटवरून. बांधावर काड्या नसतील तर दामिनी गप्प राहील, अशा वेळी ढग गरजला की औत सोडून पक्क्या घराकडं निघायचं.