चपाती बंद करण्याआधी रक्त तपासा

मुलाचे पोट सतत फुगलेले, शौचाला पातळ होते, उंची वाढत नाही, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त भरत नाही. अशा मुलाला घेऊन आई दारोदार हिंडते. कुणी त्याच्या हातात धातूची दांडी देऊन संगणकातून लांबलचक अहवाल काढतो. कुणी केस तपासायला पाठवतो. कुणी एका हातात गहू ठेवून दुसरा हात दाबतो, हात खाली गेला की सांगतो, "याला गहू सोसत नाही. आजपासून चपाती बंद!" हात दाबून शक्ती पाहण्याची ही पद्धत १९६४ साली अमेरिकेत जॉर्ज गुडहार्ट यांनी काढली. तपासणीत ती खरी उतरलेली नाही. पण हा माणूस अर्धा तास आपले ऐकून घेतो, दवाखान्यात दोन मिनिटेही मिळत नाहीत. मग लोक त्याच्याकडे जाणारच.

गहू न सोसण्याचा आजार मात्र खरा आहे. त्याला सिलिॲक म्हणतात. गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनमुळे काहींच्या लहान आतड्यातले मखमलीसारखे अंकुर झडतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना. लोक उपासमारीने मेले, पण या आजाराची मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खंगली. पुढे मुलांना गहू देऊन, बंद करून, वजन आणि मलातील चरबी मोजून डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध मांडला. नुसत्या हात दाबण्यावर त्यांनी भागवले नाही.

आज आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी करतात, मग गरजेप्रमाणे दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहतात. या दोन्ही वेळी मूल गहू खात असले पाहिजे. काही महिने चपाती बंद ठेवली तर रक्तातल्या खुणा ओसरतात, आतडे भरून येते, आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येतो. मग खात्री करण्यासाठी त्याच मुलाला कित्येक आठवडे पुन्हा गहू चारावा लागतो. खरे नुकसान हे आहे; फी तर गेलेलीच असते.

महागड्या 'आयजीजी' अन्नतपासणीचेही तसेच. तिच्यातून तो पदार्थ खाण्यात आहे एवढेच बहुधा कळते; युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच निदानासाठी ती नको असे सांगितले. गहू सोडून बरे वाटले म्हणजे सिलिॲकच, असेही नाही.

निदान पक्के झाले तर गहू जन्मभर बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे आणि गव्हाचे पीठ मिसळलेला बाजारचा हिंगही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. मात्र गिरणीत गव्हावर ज्वारी दळून आणली तर तीच भाकरी बाधते. शक्यतो घरीच दळावे. हा आजार रक्ताच्या नात्यात आढळतो, म्हणून भावंडांचे आणि आईवडिलांचेही रक्त तपासून घ्यावे. तेही चपाती चालू असतानाच.