सोयाबीनचा हंगाम आणि भाड्याचा सर्व्हर

वाशिम जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं वापरायच्या सर्व्हरचा, विचार करावाच, असं माझं मत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक सुरू झाली की काटापट्ट्या, पेमेंट, साठ्याच्या नोंदी सगळं एकदम अंगावर येतं. उन्हाळ्यात मात्र कॉम्प्युटर निवांत. मग त्या दोन महिन्यांसाठी स्वतःचा महागडा सर्व्हर कशाला? मळणीयंत्रही आपल्यातले बरेच जण भाड्यानंच आणतात ना! क्लाउडवर हंगामात क्षमता वाढवायची, नंतर उतरवायची; बिल साधारण वापराप्रमाणे.

शिवाय कारंजा, रिसोड, मानोऱ्याची खरेदी केंद्रं एकाच हिशेबावर काम करू शकतात. ऑफिसातला कॉम्प्युटर जळाला तरी नोंदी शाबूत. (बॅकअप खरंच चालू आहे का, हे मात्र स्वतः तपासा. गृहीत धरू नका.)

सरकारही या वाटेवर आहेच. केंद्राचा ‘मेघराज’ हा सरकारी क्लाउड २०१४ पासून आहे, तर महाराष्ट्रानं २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केलं.

लाइट, नेट गेलं तर? मोबाइल डेटाची जोड ठेवा. आणि एकच पासवर्ड अख्ख्या ऑफिसला नको; प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या.