मक्यावरील अळी आणि माहितीचा अचूक शोध

मक्याच्या पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसू लागली व पानांस छिद्रे पडली की, हल्ली पुष्कळ शेतकरी प्रथम खिशातील मोबाईल काढतात. त्यात वावगे काहीच नाही. तथापि, 'लष्करी अळी औषध' एवढेच शब्द गूगलसारख्या शोधयंत्रात घातल्यास ज्वारीवरील जुनी लष्करी अळी, सोयाबीन व तंबाखूवरील पाने खाणारी अळी आणि मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी यांची सरमिसळ होण्याचा फार संभव असतो. किडी निरनिराळ्या, आणि चुकीच्या फवारणीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या माथी!

यास्तव शोधाचा आरंभ शेतातच करावा. अळीच्या डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट खूण आणि शेपटीकडील भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतील, तर ती अमेरिकन लष्करी अळी होय. तिचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. किडीचे नाव गावागणिक बदलते, शास्त्रीय नाव मात्र जगभर एकच असते. ते पाठ करण्याची जरुरी नाही. पहिल्या शोधात किडीचे शास्त्रीय नाव तेवढे विचारावे, त्याची इंग्रजी लिपीतील नक्कल घ्यावी आणि दुसऱ्या शोधात ती दुहेरी अवतरणचिन्हांत घालावी. म्हणजे ते दोन्ही शब्द जोडीने असलेलीच पाने प्रामुख्याने समोर येतात. जो विषय नको असेल, उदाहरणार्थ तंबाखू, त्या शब्दापूर्वी जागा न सोडता वजाबाकीचे चिन्ह द्यावे.

शोध विशिष्ट संस्थांपुरता मर्यादित करण्याचीही सोय आहे. इंग्रजी लिपीत 'एस-आय-टी-ई' ही चार अक्षरे, त्यांस लागून अपूर्णविराम व लगेच 'एसी डॉट इन' असे लिहिल्यास विद्यापीठे व शिक्षणसंस्था यांचीच पाने मिळतात. 'जीओव्ही डॉट इन' लिहिल्यास सरकारी पाने मिळतात. औषधविक्रीच्या जाहिराती दूर ठेवण्यास माझ्या मते याहून सोपा उपाय नाही. मराठीत शोधताना 'मका' व 'मक्यावरील' अशी दोन्ही रूपे घालून पाहावीत.

मिळालेल्या पानाची तारीख अवश्य पाहावी. ही कीड भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली. त्यापूर्वीच्या मराठी लेखात मक्यावरील लष्करी अळी म्हटली असेल, तर ती दुसरीच समजावी. जुन्या पानांत दुसराही धोका असतो. एंडोसल्फानच्या उत्पादन, विक्री व वापरावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. परंतु त्यापूर्वीच्या शिफारशी जुन्या लेखांतून आपोआप पुसल्या जात नाहीत.

अमेरिकेतील पाने या किडीविषयी विपुल आहेत, कारण तिचे मूळस्थान तेच खंड होय. तिचा जीवनक्रम तेथून खुशाल वाचावा. उपाय मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. तेथे बीटी मक्याची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. आपल्या देशात बीटी मक्यास लागवडीची परवानगी नाही.

कीटकनाशकाचे प्रमाण ही सर्वांत नाजूक बाब. शोधयंत्रे आता पानाच्या शिरोभागी स्वतःच रचलेले उत्तर देतात. ते वाचण्यास सुटसुटीत असते खरे, परंतु त्यावरून औषध मोजू नये. एकच औषध निरनिराळ्या तीव्रतेत मिळते, त्यामुळे टक्केवारी न सांगता दिलेले 'लिटरला इतके' हे प्रमाण निरर्थक ठरते. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने कोणते औषध, कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी मंजूर केले आहे, याची यादी फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. यादी इंग्रजीत व लांबलचक आहे. घरातील शिकलेल्या मुलामुलीस हाताशी घेऊन 'पानात शोधा' या सोयीने मक्याचे इंग्रजी नाव शोधावे. डब्यावरील लेबलाशी ती माहिती ताडून पाहावी व न जुळल्यास फवारणी थांबवावी.

अधिक खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी 'कृषिकोश' हे भांडार आहे. कृषि विद्यापीठांतील प्रबंध तेथे ठेवलेले आहेत. प्रबंध अवघा वाचण्याच्या भरीस न पडता सारांश व निष्कर्ष तेवढे पाहावेत.

एवढे करूनही अळीची ओळख पटली नाही, तर अळी व पोंगा यांची जवळून घेतलेली स्वच्छ छायाचित्रे नजीकच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावीत, अथवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करावी. विचारताना पेरणीची तारीख, वाण आणि आधी फवारलेल्या औषधाचे नाव टक्केवारीसह सांगावे.